दोघांत एक काळी-पिवळी: १:६४ डायकास्ट गाडी कस्टमाइज करण्याचे टप्पे

रंग नखाने सुटतो, डिकॅलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) चंदेरी डाग दिसतात, जोडल्यावर चाकं फिरत नाहीत. छोट्या डायकास्ट (साच्यात धातू ओतून केलेल्या) गाड्यांवर हात चालवणाऱ्यांच्या नेहमीच्या तक्रारी या तीनच, आणि तिन्हींचं मूळ चुकलेल्या क्रमात असतं. दोघांनी मिळून गाडी करायची ठरवली की चौथी तक्रार येते: "मला वाटलं तू पुसून ठेवली होतीस." म्हणून या लेखात जवळजवळ प्रत्येक टप्प्यानंतर एक तपासणी दिली आहे आणि तिचा नियम एकच. ज्याने काम केलं त्याने ते पास करायचं नाही, दुसऱ्याने करायचं.

नमुन्यासाठी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी घेतली आहे. दोनच रंग आहेत, तरी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), मास्किंग (टेपने भाग झाकणं), डिकॅल, तारकाम सगळं त्यात येतं. तुम्हाला दुसरी गाडी करायची असली तरी क्रम हाच राहील.

## तयारी: गाडी, कागद आणि वाटणी

एकाच साच्याच्या दोन गाड्या घ्या. एक खरी, दुसरी चाचणीची. ड्रिल, रिमूव्हर, रंग, क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर), सगळं आधी चाचणीच्या गाडीवर होईल. हा खर्च वाचवायला जाऊ नका, कारण दोघांचा हात एकसारखा पडत नाही आणि तो जुळवायला जागा लागते. साचा चौकोनी, चार दारांच्या जुन्या सेडानचा बघा. बॉडी धातूची हवी. तळ प्लास्टिकचा असला तरी चालेल.

मग मोजमापं. १:६४ म्हणजे खऱ्या गाडीचं माप भागिले ६४. सध्याची ५०० × १२० मिमी नंबरप्लेट इथे साधारण ७.८ × १.९ मिमी होते. छपरावरच्या कॅरिअरचा २५ मिमी पाइप ०.४ मिमीच्या तारेएवढा होतो. रंगाचा थर ०.१ मिमी जाड बसला तर खऱ्या गाडीवर तो सहा मिलिमीटरहून जास्त भरेल. इतक्या जाडीत दारांच्या रेघा बुजतात. "अजून एक हात मारू या का?" असा मोह झाला की हा हिशेब आठवा.

पद्मिनी टॅक्सी, म्हणजे जुन्या काळी-पिवळीतल्या प्रीमिअर पद्मिनी गाड्या, ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या, त्यामुळे संदर्भाला जुने फोटोच घ्यावे लागतील. समोरून, बाजूने आणि मागून असे तीन फोटो छापून घ्या आणि पिवळ्याची हद्द त्यावर पेनने आखा. खिडक्यांमधले खांब कोणत्या रंगात जातात, हे आत्ता दोघांनी ठरवायचं. मास्किंग टेप हातात आल्यावर या गोष्टीवरून हमखास वाद होतो.

वाटणी वयावरून आणि हातावरून करा. मामा-भाची किंवा बाप-लेक अशी जोडी असेल तर ड्रिल, रिमूव्हर, स्प्रे आणि ब्लेड मोठ्याकडे. घासणं, सुटे भाग सांभाळणं, डिकॅल लावणं, तारेचं कॅरिअर वळवणं लहानाकडे. ही दुय्यम कामं नाहीत. डिकॅल लहान बोटांनी जास्त नीट बसतात.

सामान:
- पिन व्हाइस (हाताने फिरवायचं बारीक ड्रिल) किंवा वेग कमी करता येणारं छोटं ड्रिल, १.६ आणि ३.२ मिमीचे बिट, सेंटर पंच
- एम-२ चा टॅप (भोकात २ मिमी स्क्रूसाठी आटे पाडायचं हत्यार) आणि एम-२ चे ४ ते ५ मिमी स्क्रू
- ४००, ८००, १५०० नंबरचे वॉटर पेपर, छोट्या कानशींचा सेट
- पेंट रिमूव्हर, जाड रबरी हातमोजे, चष्मा, काचेची बरणी
- गाड्यांच्या रंगाच्या दुकानातली एनसी पुट्टी
- पांढरा प्रायमर, पिवळा, काळा, ग्लॉस क्लिअर, सगळे शक्यतो एकाच कंपनीचे
- चांगली मास्किंग टेप, नवीन ब्लेड, आयसोप्रोपिल अल्कोहोल
- फेविकॉल, फेविक्विक, डिकॅल पेपर

टॅप आणि बारीक स्क्रू कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे बहुधा मिळणार नाहीत. मुंबईत नागदेवी स्ट्रीट गाठा. इतरत्र घड्याळ किंवा मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे स्क्रू मिळून जातात.

## टप्पा १: रिव्हेट उघडणे

गाडी उलटी केली की तळाला बहुतेक वेळा पुढे-मागे दोन गोल ठिपके दिसतात. बॉडीतून खाली आलेल्या खांबांची ती फुगवलेली डोकी, म्हणजेच रिव्हेट. स्क्रू ड्रायव्हर घालून तळ उचकटू नका. खांब मुळातून तुटतो आणि मग स्क्रूला जागाच उरत नाही.

१. गाडी जाड कापडात गुंडाळून दाबून धरा, किंवा छोट्या शिकंज्यात हलकेच पकडा.
२. सेंटर पंचने डोक्याच्या बरोबर मध्यावर खूण पाडा. खूण नसेल तर बिट घसरतो.
३. आधी १.६ मिमीचा बिट, साधारण ५ मिमी खोल. तेवढ्या खोलीवर बिटला टेपचा तुकडा गुंडाळा म्हणजे हात जास्त आत जाणार नाही. तरीही खांब किती लांब आहे ते बाजूने अंदाजून घ्या, कारण त्याच्या वरच्या टोकाला थेट बॉनेट असतं.
४. मग ३.२ मिमीच्या बिटने फक्त फुगवलेलं डोकं उडवा. धातूची कडी सुटून बिटवर फिरायला लागली की थांबा.
५. तळ सरळ वर उचला.
६. भोकात तेलाचा थेंब टाकून एम-२ टॅप फिरवा. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. टॅप अडला तर जोर लावू नका, बाहेर काढून चुरा झटका.

सावधान: ड्रिलचा वेग कमीच हवा. जास्त वेगात प्लास्टिकचा तळ वितळून बिटला चिकटतो. चष्मा दोघांनाही, नुसता बघत बसणाऱ्यालाही.

तपासणी: दुसऱ्याने दोन्ही स्क्रू हाताने लावून काढून बघायचे. सहज गेले तर पुढे. काच, सीटचा भाग, तळ, चाकं यांचा सुटं केलेल्या क्रमाने फोटो काढा आणि सगळं झाकणाच्या डबीत ठेवा.

## टप्पा २: रंगाआधी कोरडी जुळणी

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. नवीन चाकं घालायची असतील तर ती आत्ता, नवा रंग लागायच्या आधी बसवून बघायची. चाक मडगार्डला घासलं तर आतून कानस मारावी लागते आणि ती रंगानंतर मारता येत नाही.

अॅक्सल तळाच्या खाचेत ठेवून स्क्रू लावा. गाडी काचेवर ठेवा आणि वहीच्या कागदाची पट्टी एकेका चाकाखाली सरकवून बघा. एका चाकाखालून पट्टी सहज जात असेल तर अॅक्सल वाकडा आहे किंवा खाचेत फ्लॅश (साच्यातून आलेली जादा कड) आहे. ते आत्ताच साफ करा.

याच वेळी सीटचा भाग तपासा. परदेशी गाड्यांच्या साच्यात स्टिअरिंग बऱ्याचदा डावीकडे असतं. मुंबईच्या टॅक्सीत डावीकडे स्टिअरिंग दिसलं की बाकीची मेहनत वाया. ब्लेडने ते कापून उजवीकडे चिकटवा आणि जुन्या जागेवरची खूण घासून टाका.

तपासणी: सगळं जोडलेली, अजून जुन्याच रंगातली गाडी उतरत्या फळीवर सोडा. सरळ खाली गेली पाहिजे.

## टप्पा ३: जुना रंग काढणे

बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, झॅमॅकची, असते. म्हणून नेटवर सापडणारे काही घरगुती उपाय इथे उलटतात. कॉस्टिक सोडा जस्ताला खातो, पृष्ठभाग काळपट आणि खडबडीत होतो, शिवाय हायड्रोजन सुटतो. व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवणंही टाळा. तेही धातू खातं.

१. काच, सीट, चाकं, क्रोमचे भाग, सगळं प्लास्टिक बाजूला. रिमूव्हर किंवा अॅसिटोन लागला की पारदर्शक काच गेलीच म्हणून समजा.
२. गच्चीवर किंवा उघड्या गॅलरीत, काचेच्या बरणीत फक्त धातूची बॉडी ठेवा आणि बुडेल इतकाच रिमूव्हर ओता. प्लास्टिकचा कप वापरला तर तो विरघळेल.
३. पंधराएक मिनिटांत रंग सुरकुततो. चिमट्याने बॉडी काढून जुन्या टूथब्रशने घासा. कोपऱ्यात राहिलेल्या रंगासाठी दुसऱ्यांदा बुडवा.
४. भांड्याच्या साबणाने धुवून लगेच पुसा आणि उन्हात वाळवा.

सावधान: हे काम मोठ्या माणसाचं, आणि मुलं त्या वेळी गच्चीवरही नकोत. हातमोज्याला थेंब लागला तर मोजे लगेच बदला. उरलेला रिमूव्हर मोरीत ओतू नका. मूळच्या डब्यातही परत टाकू नका, वेगळ्या काचेच्या बाटलीत नाव लिहून ठेवा.

तपासणी: दाराच्या रेघांत आणि चाकांच्या कमानीच्या आत जुना रंग राहिला आहे का, हे दुसऱ्याने टॉर्च तिरपा धरून बघायचं.

## टप्पा ४: घासणे, भरणे, रेघा खोल करणे

घाई इथे केली तर तिची किंमत शेवटच्या क्लिअरपर्यंत दिसत राहते. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक उंचवटा असतो, बहुधा छपराच्या कडेने किंवा बंपरवरून जाणारा. तो छोट्या कानशीने काढा. बोटांनी शोधा, डोळ्यांना तो दिसत नाही.

दारं, बॉनेट, डिकी यांच्या रेघा ब्लेडच्या मागच्या बाजूने हलकेच दोनदा ओढून खोल करा. प्रायमर, पिवळा, काळा आणि क्लिअर असे चार पदार्थ या रेघांवर बसणार आहेत.

ओरखडे आणि लहान खड्डे एनसी पुट्टीने भरा, अगदी पातळ. ही पुट्टी वाळताना आकसते. जाड थापली तर वरून कोरडी, आतून ओली राहते आणि आठवड्याने रंगाखाली खड्डा दिसतो. भोक मोठं असेल तर एम-सील वापरा आणि दुसऱ्या दिवशी घासा.

मग वॉटर पेपर: आधी ४००, नंतर ८००, दोन्ही ओले. आरशासारखी चकाकी आणायची नाही. प्रायमरला पकड लागते.

तपासणी: दुसऱ्याने डोळे मिटून बॉडीवरून बोट फिरवायचं. कुठे बोट अडलं तिथे पेन्सिलने खूण. खुणा संपल्या की साबणाने धुणं, वाळवणं आणि अल्कोहोलने पुसणं. यानंतर उघड्या बोटांनी बॉडीला हात लावायचा नाही, त्वचेचं तेल रंगाला धरू देत नाही. जुन्या मार्करच्या टोकाला दुहेरी टेप लावून बॉडी आतून त्यावर चिकटवा. हाच तुमचा दांडा.

## टप्पा ५: प्रायमर, आणि हवेकडे लक्ष

पिवळा रंग झाकायला कमजोर असतो. राखाडी प्रायमरवर तो हिरवट, मळका दिसतो आणि मग थरावर थर चढतात. म्हणून प्रायमर पांढराच.

पावसाळ्यात कोकणपट्टीत स्प्रे मारणं शक्यतो टाळाच. रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं आणि रंग दुधाळ होतो. उलट विदर्भात मे महिन्याच्या दुपारी रंगाचे कण गाडीपर्यंत पोचायच्या आतच वाळतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत होतो. तिथे सकाळी लवकर काम उरका.

१. कॅन दोन मिनिटं हलवा. थंडीत कॅन कोमट पाण्यात ठेवला तर चालेल. गरम पाणी किंवा शेगडी कधीच नाही, कॅन फुटतो.
२. मोठं पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवून त्यात फवारा. अंतर १५ ते २० सेमी.
३. फवारा गाडीच्या बाहेर सुरू, गाडीच्या बाहेर बंद. गाडीवर असताना बटण दाबू-सोडू नका, तिथे थेंब पडतो.
४. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचा धातू दिसत राहिला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा.

"मामा, अजून धातू दिसतोय, मारतोस का?"
"दहा मिनिटं थांब गं. आत्ता मारला तर ओघळेल."

ओघळ आलाच तर बोट लावू नका. पूर्ण वाळू द्या आणि ८०० च्या ओल्या पेपरने उतरवा.

सावधान: जवळपास गॅस, उदबत्ती किंवा देवापुढचा दिवा पेटता नको. कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही, कार्बन फिल्टरचा मास्क लागतो. हार्डनर घालून मारायचे टू-के रंग घरी वापरू नका. त्यातलं आयसोसायनेट फुफ्फुसांना घातक असतं.

तपासणी: २४ तासांनी १५०० चा ओला पेपर अगदी हलका. कडांवर धातू उघडा पडला तर तेवढ्या भागाला पुन्हा धुक्याचा हात.

## टप्पा ६: आधी पिवळा, मग काळा

फिका रंग आधी, गडद नंतर. काळ्यावर पिवळा चढवायला गेलात तर थरांची संख्या दुप्पट होते. छप्पर आणि ठरवलेले खांब पिवळे करा. पिवळा थोडा खाली उतरला तरी हरकत नाही, वर काळा येणारच आहे. तीन-चार पातळ हात आणि मग किमान एक पूर्ण दिवस विश्रांती. नाकाजवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल तर रंग अजून कच्चा आहे. टेप लावू नका.

मास्किंग:

१. टेपची कारखान्यातली कड बऱ्याचदा मळलेली असते. काचेवर टेप चिकटवून नवीन ब्लेडने १ ते २ मिमी रुंद पट्ट्या कापा. बारीक पट्टी वळणावर नीट बसते.
२. हद्दीवर आधी या बारीक पट्ट्या लावा, आतला भाग नंतर रुंद टेपने झाका. खिडक्यांच्या पोकळ्या आतूनही बंद करा. काळा रंग तिथूनच शिरतो.
३. टेपची कड टूथपिकने दाबा, विशेषतः जिथे ती रेघ ओलांडते.
४. टेपच्या कडेवर पुन्हा पिवळ्याचाच एक पातळ हात. फट राहिली असेल तर पिवळा ती भरतो आणि काळ्याला वाट उरत नाही. ही युक्ती एकदा वापरली की सोडवत नाही.
५. आता काळा, दोन-तीन पातळ हात.
६. शेवटच्या हातानंतर अर्ध्या तासात टेप काढा. ती स्वतःवर उलटी दुमडत, हळूहळू ओढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर रंगाचे टवके निघतात.

तपासणी: टेप लावणारा एक, हद्द फोटोशी ताडून बघणारा दुसरा. डावी-उजवी हद्द एका उंचीवर आहे का, हे गाडी समोरून डोळ्यांच्या पातळीत धरूनच कळतं.

## टप्पा ७: डिकॅल

डिकॅल मॅट रंगावर लावले की खाली हवा अडकते, तेच ते चंदेरी डाग. म्हणून आधी ग्लॉस क्लिअरचे दोन पातळ हात आणि एक दिवस वाट.

घरचा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही. पारदर्शक पेपरवर छापलेली पिवळी नंबरप्लेट काळ्या बंपरवर दिसणारच नाही. प्लेटसाठी पांढरा डिकॅल पेपर घ्या आणि पार्श्वभूमी पिवळी, अक्षरं काळी छापा. इंकजेटवर छापलं असेल तर पाण्यात टाकण्याआधी त्यावर क्लिअरचे दोन-तीन हात हवेत, नाहीतर शाई वाहून जाते. कापल्यावर पांढऱ्या कडा दिसतात, त्यांवर काळा मार्कर फिरवा.

कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद, मग टिश्यूवर एक मिनिट. डिकॅल कागदावरून आपोआप सरकला तरच उचला. जागेवर पाण्याचा थेंब, त्यावर डिकॅल, आणि ओल्या ब्रशने मधून कडेकडे पाणी बाहेर काढा. एकाच्या हातात गाडी, दुसऱ्याच्या हातात ब्रश. या टप्प्याला चार हात खरोखर लागतात.

तपासणी: चाचणीच्या गाडीवर तोच डिकॅल लावून त्यावर क्लिअर मारा. शाई पसरली नाही, डिकॅल आकसला नाही, तरच खऱ्या गाडीवर क्लिअर. पहिला हात धुक्यासारखा, मग दोन नेहमीचे. शेवटचा हात सॅटिनचा (अर्धवट चमकीचा) द्यावा असं माझं मत आहे. दिवसभर धंदा करणारी टॅक्सी शोरूमसारखी चमकत नाही.

## टप्पा ८: ब्रशचं काम आणि कॅरिअर

बंपर, ग्रिल, दिवे, काचेच्या कडेचं रबर हे सगळं क्लिअर पक्कं वाळल्यानंतर, पाण्यात मिसळणाऱ्या अॅक्रिलिकने. ब्रश चुकला तर ओल्या इअरबडने लगेच पुसता येतं, खालचं क्लिअर शाबूत राहतं.

कॅरिअर स्टेपलरच्या पिना किंवा बारीक तांब्याच्या तारेपासून बनवा, पण छपरावर ठेवून नव्हे. छपराएवढा आलेख कागद पुठ्ठ्यावर चिकटवा, त्यावर तारा टेपने बसवा आणि सांध्यांवर टाचणीच्या टोकाने फेविक्विकचा थेंब द्या. पिवळा रंग वेगळा मारून मग छपरावर लावा. जुन्या टॅक्सीचं मीटर बाहेर, पुढच्या बाजूला डावीकडे असे. प्लास्टिकच्या पट्टीचा एक कण तिथे लावला की ओळखणारे लगेच ओळखतात.

## टप्पा ९: जोडणी

काच फेविकॉलनेच चिकटवा. फेविक्विकची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी धुरी सोडते आणि ती पुसून जात नाही. आत बोटांचे ठसे राहिले असतील तर ते आत्ताच पुसा. फेविकॉल रात्रभर वाळू द्या, मग सीट, चाकं आणि तळ.

मऊ कापडावर गाडी उलटी ठेवा म्हणजे कॅरिअर दबणार नाही. दोन्ही स्क्रू आधी सैल लावा, चाकं फिरवून बघा, मग आवळा. बोटांच्या जोराने थांबलं की थांबा. झॅमॅकमधले आटे मऊ असतात, एकदा मोडले की त्या भोकात पुढच्या मापाचा स्क्रू घालावा लागतो.

शेवटची तपासणी टप्पा २ मधलीच: काचेवर कागदाची पट्टी आणि उतरती फळी. तेव्हा सरळ गेलेली गाडी आता अडत असेल तर अॅक्सलच्या खाचेत रंग साचला आहे. तळ उघडा आणि तो टूथपिकने खरवडून काढा.

गाडी आठवडाभर उघड्यावर ठेवा, बंद प्लास्टिकच्या डब्यात नको. कच्च्या क्लिअरला डब्याचा तळ किंवा फोम चिकटतो. चाचणीची गाडी, उरलेले स्क्रू आणि वापरलेल्या रंगांची नावं लिहिलेली चिठ्ठी एका डबीत एकत्र ठेवा. कडेचा टवका उडाला की त्याच काळ्याची गरज पडते.